ट्रेमधलं अनोळखी तिकीट: सामायिक वायरलेस प्रिंटरचं एक प्रकरण

पंधरा-सोळा माणसांचं एक लेखापाल कार्यालय. दोन मजले. खाली मोठा लेझर प्रिंटर, छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स सगळं त्याच्यावरच. वर एक जुना, साधा लेझर. दोन्ही वाय-फायवर. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने बसवलेला राउटर, त्यावर एक मुख्य नेटवर्क आणि एक पाहुण्यांसाठी. अशी रचना असते तिथे तक्रारही बहुधा ठरलेली असते: प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. इथेही ती होती, पण तिची सगळ्यांना सवय झाली होती. मला बोलावलं ते वेगळ्या कारणाने. एका सकाळी प्रिंटरच्या ट्रेमध्ये कुणा अनोळखी माणसाचं विमानाचं तिकीट छापून पडलं होतं.

“हे नाव आमच्यातल्या कुणाचंच नाही,” प्रशासन बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “बाहेरचा माणूस इथे प्रिंट मारू शकतो, तर आमचे कागद बाहेर जात नसतील कशावरून?”

प्रश्न अगदी नेमका होता. प्रिंटरकडे आपण कागद बाहेर टाकणारं यंत्र म्हणून बघतो. प्रत्यक्षात तो नेटवर्कवरचा एक पूर्ण संगणक असतो. त्याला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, असतो, त्याचं स्वतःचं वेबपान असतं, साठवण असते आणि इतर यंत्रांचे पासवर्डही त्याच्या पोटात असतात. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथे ‘प्रिंट होत नाही’ या प्रत्येक अडचणीवर कुणीतरी चांगल्या हेतूने झटपट उपाय केला होता आणि अशा प्रत्येक उपायाने नेटवर्कला एक नवं दार पाडलं होतं.

प्रिंटरकडूनच मिळालेली माहिती

अशा कामात आधी लॅपटॉप उघडू नये, प्रिंटरकडूनच त्याची माहिती छापून घ्यावी. जवळपास प्रत्येक नेटवर्क प्रिंटरच्या पॅनेलवर नेटवर्कच्या स्थितीचं पान छापायची सोय असते. खालच्या प्रिंटरच्या त्या पानावर अर्धं प्रकरण उलगडलं. वायर्ड जोडणी: केबल नाही. वायरलेस जोडणी: राउटरमार्फत, पत्ता राउटरने आपोआप दिलेला. त्याच्या खाली, सहसा कुणी वाचत नाही अशा ओळीत: वाय-फाय डायरेक्ट चालू, जोडणीची पद्धत ‘आपोआप’, पासवर्ड एक ते आठ आकडे ओळीने. त्या क्षणी त्यावर चार उपकरणं जोडलेली होती.

प्रिंटर हवेतून जोडायच्या पद्धती मोजक्याच आहेत. पहिली राउटरमार्फत: प्रिंटर आणि लॅपटॉप दोघेही एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटला, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या यंत्राला, जोडलेले असतात आणि बोलणं त्याच्यामार्फत होतं. दुसरी जुनी अ‍ॅड-हॉक पद्धत, मधे कुणीही नाही, दोन यंत्रं थेट एकमेकांशी. तिच्यावर बऱ्याचदा वेपसारखी (वाय-फायची सुरुवातीची कूटलेखन पद्धत) दुबळी सुरक्षा असायची किंवा काहीच नसायचं. ती आता जवळजवळ मागे पडली आहे. तिची जागा वाय-फाय डायरेक्टने घेतली. वाय-फाय अलायन्सने २०१० पासून त्याचं प्रमाणीकरण सुरू केलं. यात प्रिंटर स्वतःच छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट बनतो आणि ‘डायरेक्ट’ या अक्षरांनी सुरू होणारं स्वतःचं नेटवर्क हवेत पसरवतो. राउटर बंद असला तरी फोनवरून प्रिंट काढता येते. सोय खरोखर चांगली आहे. पण बहुतेक प्रिंटर एकाच वेळी राउटरलाही जोडलेले राहतात आणि आपलं डायरेक्ट नेटवर्कही चालवतात. म्हणजे मुख्य वाय-फायवर कितीही पक्का पासवर्ड ठेवा, शेजारी आठ आकड्यांच्या पासवर्डवर दुसरं दार उघडंच.

‘आपोआप’ पद्धतीचा या मॉडेलमध्ये अर्थ असा, की फोनने जोडणी मागितली की प्रिंटर कुणाला न विचारता होकार देतो. ‘मॅन्युअल’ ठेवलं असतं तर पॅनेलवर कुणीतरी मान्यतेचं बटण दाबेपर्यंत जोडणी झाली नसती. कारखान्यातून येताना पहिलीच पद्धत निवडलेली होती.

प्रिंटरच्या कामांच्या नोंदीत तिकिटाचं कामही सापडलं: डायरेक्टमार्गे, एका फोनवरून, रात्री कार्यालय बंद असताना. फोन कुणाचा ते कळलं नाही. माझ्या मते यात हल्ला वगैरे काही नव्हता. इमारतीत कुणाकडे तरी त्याच कंपनीचा प्रिंटर असणार, यादीत दोन सारखी नावं दिसली असणार आणि त्याने चुकीचं निवडलं. मॅडमना हे ऐकून हायसं वाटलं. मला मात्र तेवढं वाटलं नाही. नकळत जे झालं, ते जाणूनबुजूनही तितक्याच सहज होतं.

चार उपकरणं कुणाची?

जोडलेली चार उपकरणं कर्मचाऱ्यांचीच निघाली, सगळे नवे लॅपटॉप. मुख्य नेटवर्कचा पासवर्ड नवीन लोकांना द्यायचा नाही असं मधल्या काळात ठरलं होतं, म्हणून त्यांना पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकलं होतं. पासवर्ड कमी लोकांकडे असावा हा विचार काही चुकीचा नव्हता. पण पाहुण्यांच्या नेटवर्कवर राउटर जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही, आणि मुख्य नेटवर्ककडेही जाऊ देत नाही. त्याचं कामच ते आहे. त्यामुळे या लॅपटॉपना प्रिंटर दिसेना. एकाला वाय-फायच्या यादीत ‘डायरेक्ट’चं नाव दिसलं, पासवर्ड प्रिंटरच्याच पॅनेलवर मिळाला, प्रिंट निघाली. त्याने शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्याने तिसऱ्याला.

याच्या जोडीला आणखी एक तक्रार होती, जिचा प्रिंटरशी संबंध कुणाच्या ध्यानातच आला नव्हता: “अधूनमधून माझं इंटरनेट जातं.” यादीतून डायरेक्टचं नेटवर्क निवडलं की लॅपटॉप आधीच्या वाय-फायवरून सुटतो, आणि प्रिंटरच्या नेटवर्कवर इंटरनेट नसतं. प्रिंट काढून माणूस परत यायला विसरला की इंटरनेट गेलंच. त्यातून या प्रिंटरला डायरेक्टवर एका वेळी पाचच उपकरणं चालत होती. सहाव्याला जोडणी मिळायची नाही, आणि तो म्हणायचा प्रिंटर बिघडलाय.

‘ऑफलाइन’चं कोडं तर अगदी साधं होतं. राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरला कधीकधी नवा पत्ता मिळायचा. जुन्या संगणकांवर छपाईचं पोर्ट, म्हणजे काम कुठे पाठवायचं ती नोंद, जुन्या पत्त्याला बांधलेलं होतं, ते बिचारे रिकाम्या पत्त्यावर हाका मारत बसायचे. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी, एक आयपी राखून ठेवला की हा प्रश्न संपतो.

जिन्यात उभं राहून

आता मॅडमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: कागद बाहेर जात असतील का? कार्यालयाच्या प्रमुखांची परवानगी घेऊन, त्यांनाच सोबत घेऊन, मी लॅपटॉपसह कार्यालयाच्या बाहेर जिन्यात उभा राहिलो. डायरेक्टचं नेटवर्क तिथेही स्वच्छ मिळत होतं. आठ आकडे टाकले, जोडलो, ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला. सेटिंगचं पान समोर. प्रशासकाचा पासवर्ड कधी ठेवलेलाच नव्हता.

“म्हणजे आता तुम्ही आमच्या कागदांवर काहीही छापू शकता?” सरांनी विचारलं.

छापणं ही त्यातली किरकोळ गोष्ट होती. कार्यालयात स्कॅन केलेले कागद फाइल सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये एफटीपी या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने जायचे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता, खात्याचं नाव आणि पासवर्ड होता. पासवर्डच्या जागी ठिपके, तो वाचता येत नाही. मग मी पासवर्डला हातच लावला नाही. फक्त सर्व्हरचा पत्ता बदलून माझ्या लॅपटॉपचा टाकला आणि शेजारचं ‘तपासा’ बटण दाबलं. पत्ता बदलल्यावर पासवर्ड पुन्हा मागायला हवा, या मॉडेलने तो मागितला नाही. प्रिंटरने इमानेइतबारे माझ्या लॅपटॉपशी जोडणी केली आणि खात्याचं नाव आणि पासवर्ड पाठवून दिला. एफटीपीत हे सगळं उघड्या अक्षरांत जातं. माझ्या पडद्यावर तो पासवर्ड जसाच्या तसा उमटला. सरांनी तो ओळखला, कारण तो सर्व्हरच्या प्रशासकाच्या खात्याचाच होता. स्कॅन बसवताना वेगळं खातं करायचा कंटाळा केला गेला होता.

सुरक्षेच्या वर्तुळात ही युक्ती चांगलीच जुनी आहे. तिला फार हुशारी लागत नाही, प्रिंटरच्या वेबपानापर्यंत पोचता आलं की झालं. अशिलांच्या सगळ्या हिशेबांची किल्ली जिन्यात उभ्या असलेल्या कुणालाही मिळू शकत होती, आणि मुख्य वाय-फायच्या पासवर्डला त्यासाठी स्पर्शही करावा लागत नव्हता. पत्ता परत जागेवर टाकला. सर्व्हरचा पासवर्ड त्याच दुपारी बदलला, डायरेक्ट आणि वेबपानाची दारं तेव्हाच बंद केली आणि मगच बाकीच्या गोष्टींकडे वळलो.

राउटरवर काय होतं

राउटरवर डब्ल्यूपीएस, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय, चालू होतं. वरचा प्रिंटर बसवताना पासवर्ड टाइप करायचा त्रास नको म्हणून बटण दाबून जोडलेला होता. बटणाची पद्धत दोन मिनिटांपुरतीच खुली असते, तिचं एवढं काही नाही. खरी भानगड त्याच सोयीच्या पिन पद्धतीची. पिन आठ आकडी असल्याने दहा कोटी शक्यता आहेत असं वाटतं. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो, आणि राउटर पहिले चार आणि उरलेले तीन वेगवेगळे तपासून कुठला भाग चुकला तेही कळू देतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, फार तर ११,००० प्रयत्न. हे २०११ च्या अखेरीस जाहीर झालं. प्रयत्नांना आळा घालणारे राउटर पुढे आले, पण सगळेच तसे नसतात. डब्ल्यूपीएस बंद करून टाकावं, त्यावाचून प्रिंटरचं काही अडत नाही.

मुख्य नेटवर्कची सुरक्षाही ‘डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ मिश्र’ अशी ठेवलेली. कारण पुन्हा वरचा प्रिंटर: कुणीतरी सांगितलं होतं की जुना आहे, त्याला नवी सुरक्षा झेपणार नाही. मुळातली वेप सुरक्षा १९९७ ची, २००१ मध्ये तिची गणिती कमजोरी उघड झाली. तिच्या जागी घाईने २००३ मध्ये डब्ल्यूपीए आली, जुन्याच हार्डवेअरवर चालावी म्हणून तात्पुरती. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आली, एईएस या मजबूत कूटलेखनासह. मिश्र पद्धतीत सर्वांना एकदम जाणाऱ्या संदेशांसाठी जी सामायिक किल्ली असते ती सगळ्यात दुबळ्या सदस्याला झेपेल अशीच ठेवावी लागते. एका प्रिंटरसाठी पंधरा लॅपटॉपना खाली उतरवायचं. आणि गंमत म्हणजे तो प्रिंटर डब्ल्यूपीए-२ वर व्यवस्थित चालत होता. कुणी करून बघितलंच नव्हतं.

इंटरनेटच्या बाजूने प्रिंटर उघडा आहे का, तेही तपासलं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे ५०,००० प्रिंटरांवर एका यूट्यूब वाहिनीच्या प्रचाराची पानं छापली गेली, कारण त्यांचं छपाईचं ९१०० हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं क्रमांकाचं दार, थेट इंटरनेटवर उघडं होतं. इथे तसं काही नव्हतं. राउटर आपणहून पोर्ट उघडू देणारी यूपीएनपी सोय तेवढी बंद केली.

नवी मांडणी

खालच्या प्रिंटरला केबल लावायची हा माझा पहिला आणि ठाम आग्रह होता. जो जागचा हलत नाही त्याला वाय-फायची गरजच काय? केबलने पत्ता स्थिर राहतो आणि हवेतल्या गर्दीचा त्रास राहत नाही. मात्र एक खाचखळगा आहे: केबल लावली की बऱ्याच मॉडेलांत प्रिंटरचं राउटरकडचं वाय-फाय आपोआप बंद होतं, पण डायरेक्ट चालूच राहतं. ते वेगळं बंद करावं लागतं आणि यंत्र पुन्हा चालू करून फोनच्या यादीतून नाव खरंच गेलं का ते बघावं लागतं.

प्रिंटर यूएसबीने एका संगणकाला जोडून तिथून सगळ्यांना वाटायचा, असाही पर्याय सरांनी सुचवला. प्रिंटर नेटवर्कवर नसेल तर धोका नाही, हा त्यांचा मुद्दा. पण मग तो संगणक सतत चालू ठेवावा लागतो, आणि धोका प्रिंटरवरून त्या संगणकाच्या छपाई सेवेवर सरकतो. २०२१ मध्ये विंडोजच्या याच सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली त्रुटी निघाली होती. पंधरा माणसांसाठी तो मार्ग मला पटला नाही.

कंपनीच्या राउटरला नेटवर्कचे विभाग पाडता येत नव्हते, म्हणून विभाग पाडू शकणारा राउटर आणि वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट घेतला. कर्मचारी एका विभागात, प्रिंटर दुसऱ्यात, पाहुणे तिसऱ्यात. कर्मचाऱ्यांच्या विभागातून प्रिंटरकडे छपाईचीच पोर्ट खुली. वेबपान फक्त मॅडमच्या संगणकावरून. प्रिंटरला स्वतःहून कुठेही जायची मुभा नाही, अपवाद फाइल सर्व्हरचा. तिथेही आता स्कॅनसाठी वेगळं खातं आहे, ज्याला एका फोल्डरमध्ये लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि फाइल एफटीपीने न जाता कूटबद्ध मार्गाने जाते.

विभाग पाडले की प्रिंटर यादीतून गायब होतो, आणि बहुतेक लोक इथेच कंटाळून सगळं परत एका नेटवर्कवर आणतात. फोन आणि लॅपटॉप प्रिंटर शोधतात ते एमडीएनएसने, म्हणजे आपल्याच विभागात ‘कुणी प्रिंटर आहे का’ अशी हाक मारून. ती हाक विभागाची सीमा ओलांडत नाही. राउटरमध्ये ती पलीकडे पोचवणारी सोय चालू केली आणि प्रिंटर दिसायला लागला. तरी पान निघेना. रांगेत काम जायचं आणि तिथेच अडकून बसायचं. कारण ती सोय फक्त नाव पोचवते, प्रत्यक्ष छपाईची वाट वेगळ्या नियमाने उघडावी लागते. मी ९१०० उघडलं होतं आणि फोन ६३१ वर, आयपीपी या छपाईच्या दुसऱ्या पद्धतीने बोलत होते. प्रिंटर दिसतो पण छापत नाही, असं कुठे आढळलं तर आधी हेच बघावं.

छपाई कूटबद्ध आयपीपीवर आणली, तेही मुद्दाम. ९१०० वर पान उघडंच जातं. प्रिंटर केबलवर असला तरी लॅपटॉप ते अ‍ॅक्सेस पॉइंट हा टप्पा हवेतलाच आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर तो माहीत असलेल्या माणसाला दुसऱ्याचा लॅपटॉप जोडला जातानाचे सुरुवातीचे चार संदेश पकडून पुढचं बोलणं उलगडता येतं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये हे जमत नाही. म्हणून कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कवर डब्ल्यूपीए-३ आहे.

पाहुण्यांना प्रिंट हवी असेल तर ते फाइल मेलने पाठवतात आणि समोर बसणारी व्यक्ती छापून देते. यावर थोडी कुरकुर झाली. डायरेक्ट मॅन्युअल ठेवून पॅनेलवरून मान्यता देता आली असती, पण गडबडीच्या दिवसात कुणीही न बघता बटण दाबेल हे मॅडमनीच सांगितलं आणि मला ते पटलं.

वरचा प्रिंटर

त्याला केबलची सोयच नव्हती. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. सुरुवातीला सगळीकडे एकच, डब्ल्यूपीए-२ आणि ३ दोन्ही चालतील असं नेटवर्क ठेवून बघितलं. नियमाप्रमाणे जुन्या यंत्राने त्यातलं आपल्याला समजणारं घ्यायला हवं, पण काही जुनी यंत्रं नेटवर्कच्या घोषणेत अनोळखी पर्याय दिसला की गोंधळतात. हाही गोंधळला, जोडलाच गेला नाही. मग त्याच्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचं स्वतंत्र नेटवर्क केलं: फक्त डब्ल्यूपीए-२, फक्त एईएस, लांबलचक पासवर्ड, आणि ते थेट प्रिंटरच्या विभागात. तो पासवर्ड एकाही माणसाच्या उपकरणात नाही.

त्याचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, मात्र कंपनीने अद्ययावत करणं थांबवलं आहे. वेबपानाची कूटबद्ध जोडणी इतकी जुनी आहे की आजचे ब्राउझर ती उघडायलाच नकार देतात, त्यामुळे सेटिंग पॅनेलवरूनच करावी लागतात. कूटबद्ध आयपीपी त्याला येत नाही, पानं ९१०० वरूनच जातात. म्हणून अशिलांचे कागद त्याच्यावर छापायचे नाहीत, मसुदे आणि अंतर्गत याद्या एवढ्याच, असं ठरलं. त्याच्या जागी नवा घ्यायचा तेव्हा विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी मॅडमनी लिहून घेतल्या आहेत: केबलचं पोर्ट आहे का, डब्ल्यूपीए-३ आणि कूटबद्ध आयपीपी चालतं का, डायरेक्ट पूर्ण बंद करता येतं का, आणि फर्मवेअर कोणत्या वर्षापर्यंत मिळत राहील.